जळका बाक आणि जनरल रजिस्टर

जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून आपल्यातले अनेकजण आजोबांच्या शाळेत जाऊन आलेत. गुरुजी कपाटातून जनरल रजिस्टर काढतात. आपण आजोबांची ओळ शोधतो, नक्कल घेतो, निघतो. मीही तेच केलं. त्या ओळीच्या आधीच्या पानांवर आमच्या वस्तीतलं एकही नाव का नाही, हा प्रश्न मला पीएचडी करताना पडला. शाळेच्या स्मरणिकेत जमीन कुणी दिली, इमारत कुणी बांधली, सगळं आहे. आमची पहिली मुलं आत कशी आली, तेवढं नाही.

केरळमधल्या ऊरुट्टंबलम् इथल्या सरकारी शाळेत मात्र हा इतिहास एका जळक्या बाकाच्या रूपात जपलेला आहे. हे गाव तिरुवनंतपुरम जिल्ह्यातलं, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातलं. तिथे पुलया जातीची माणसं जमीनदारांच्या शेतात राबायची, पण सार्वजनिक रस्ता आणि शाळा त्यांना बंद होती. स्वतः कधीही शाळेत न गेलेल्या अय्यनकाळींनी १९०७ मध्ये साधुजन परिपालन संघम् स्थापन केला आणि शाळाप्रवेशाची मागणी लावून धरली. सरकारी हुकूम निघाला, पण तो शाळेच्या दारात चालेना. अय्यनकाळी पंचमी नावाच्या पुलया मुलीला घेऊन शाळेत गेले, तेव्हा सवर्णांनी शाळाच पेटवून दिली. बाक त्या आगीतला.

याच लढ्यात पुलया शेतमजुरांनी काम बंद केलं. आमच्या मुलांना शाळा नाही, तर तुमच्या शेतात आमचे हात नाहीत. हातावर पोट असलेल्यांचा हा संप पगारवाढीपुरता नव्हता, मुलांच्या पाटी-पुस्तकासाठीही होता. जमीनदारांनी उपाशी मारायचा प्रयत्न केला, तरी लोक मागे हटले नाहीत.

आपल्याला कॉलेजात, ऑफिसात कधी ना कधी ऐकवलं जातं : तुम्ही फुकट शिकलात. शाळेची दारं कुणाच्या तरी उदारपणामुळे उघडली, असं त्यामागे गृहीत धरलेलं असतं. ऊरुट्टंबलम् वेगळं सांगतं. हुकूम कागदावर होता, पण तो खरा करायला माणसांना उपाशी राहावं लागलं. आपली फी आधीच्या पिढ्यांनी बुडालेल्या मजुरीत भरली आहे.

२०२२ मध्ये त्या शाळेला अय्यनकाळी आणि पंचमी यांचं नाव दिलं गेलं. आपल्या गावच्या शाळांचा इतिहास असा कुणी आपणहून लिहील, याची वाट पाहू नका. पुढच्या वेळी दाखल्यासाठी जाल तेव्हा रजिस्टरची आणखी काही पानं उलटा. आपल्या वस्तीतलं पहिलं नाव, पहिल्या मुलीचं नाव, त्यांचं साल टिपून घ्या. मग घरी येऊन आजीला विचारा, त्या मुलांना वर्गात कुठे बसवायचे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. स्मरणिकेत राहून गेलेलं पान ते हेच.