परसबागेचे वर्ष वैशाखात सुरू होते

विस्तार कार्याच्या दिनदर्शिकेत मे महिना हा खरीपपूर्व तयारीचा महिना मानला जातो. मातीचे नमुने, खतांचे नियोजन, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके आणि गेली काही वर्षे महाराष्ट्रात अगत्याने घेतली जाणारी सोयाबीनच्या घरगुती बियाण्याची उगवणक्षमता चाचणी, असा त्याचा ठरलेला क्रम आहे. ओसरीवर गोणपाट भिजवला जातो, शंभर दाणे मोजून मांडले जातात, सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य ठरते आणि कार्यकर्ता समाधानाने पुढच्या घरी जातो. त्याच घराच्या माजघरात, उतरंडीतल्या एखाद्या गाडग्यात, राखेत घोळून ठेवलेले दोडक्याचे, भोपळ्याचे, वालाचे आणि अंबाडीचे बी असते. त्याची विचारपूस कोणी करीत नाही. जून उजाडला की मात्र तेच विस्तार कार्य भाजीपाल्याच्या बियाण्यांची पाकिटे घेऊन त्याच दारी येते.

परसबाग कार्यक्रमाचे खरे दुखणे या दोन भेटींच्या मध्ये आहे. परसबाग लागते जूनमध्ये, हे खरे. परंतु ती कशी असेल, किती टिकेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा लागेल की नाही, हे उन्हाळ्याच्या शेवटच्या चार-पाच आठवड्यांत घराच्या मागील दारी ठरून गेलेले असते. त्या काळात विस्तार कार्य शिवारात असते, घरात नसते.

उन्हाळा उतरणीला लागला की ग्रामीण घर आतून किती कामाला लागते, याची कल्पना कागदावरच्या नियोजनात क्वचितच उमटते. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, कैरीचे लोणचे, निवडून ठेवायचे धान्य, चाळीत भरायचा कांदा. कोकणात आगोटीची बेगमी म्हणून आमसुले, फणसपोळी, आंबापोळी, सुकी मासळी; गोव्यात हाच संचय ‘पुरुमेंत’ या नावाने ओळखला जातो. पावसाळ्याचे चार महिने घर चालवणारी ही साठवण आहे. बी राखणे हाही तिचाच एक भाग. काकडीचे बी शेणात थापून भिंतीला लावणे, वालाला आणि तुरीला लाल मातीचा हात देणे, भोपळ्याचे बी राखेत ठेवणे ही कामे पापडांच्या पाटाशेजारीच उरकली जातात. बहुधा म्हणूनच ती शेतीची कामे म्हणून मोजली जात नाहीत. पाटावर पापड वाळतो तो स्वयंपाक आणि गोदामात पोते वाळते ती शेती, अशी विभागणी ज्याने कोणी केली असेल, त्याने वैशाखातले अंगण नीट पाहिलेले नसावे.

या घरगुती रीतींना शास्त्राचा आधार आहे, आणि काही ठिकाणी शास्त्राने त्यांत भर घालण्यासही जागा आहे. बियाचे आयुष्य प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते, ओलावा आणि तापमान. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाने दिलेला आडाखा असा की, ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान बियातील ओलावा एका टक्क्याने घटला की साठवणीतले आयुष्य साधारण दुप्पट होते. वैशाखातली कोरडी हवा हे काम फुकट करून देते. राखेचा उपयोगही दुहेरी आहे. ती उरलासुरला ओलावा ओढते आणि भुंगेऱ्यांची हालचाल रोखते. चूक होते ती दोन ठिकाणी. पहिली, बी भर दुपारी पत्र्यावर किंवा तापलेल्या फरशीवर पसरले जाते. तिथे ते वाळण्याऐवजी भाजते आणि अंकुर दुबळा होतो. सकाळचे ऊन आणि दुपारची वाऱ्याची सावली हीच त्याची योग्य जागा. दुसरी चूक अधिक महागात पडते. उन्हाळ्यात उत्तम वाळलेले बी सच्छिद्र गाडग्यात तसेच राहते आणि आषाढातील दमट हवेत सारा ओलावा परत शोषून घेते. कारल्याचे, पडवळाचे जे बी जूनमध्ये टोकले जाणार आहे, त्याला ही बाधा नाही. कांद्याचे बी मात्र उन्हाळ्यातच झोडले जाते, मुळातच अल्पायुषी असते आणि रब्बीच्या रोपवाटिकेपर्यंत पावसाळा काढते. त्याला घट्ट झाकणाचा डबा हवा, आणि डब्याच्या तळाशी भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी. एवढे सांगण्यासाठी प्रशिक्षण वर्गाची गरज नाही. योग्य आठवड्यात, योग्य दारी जाण्याची आहे.

तो आठवडा कोणता, हा प्रश्न २०२५ साली फारच तीव्र झाला. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. त्यांच्या सर्वसाधारण तारखा अनुक्रमे १ जून आणि ११ जून. त्याआधीही महाराष्ट्रात मे महिन्यातच पावसाने ठाण मांडले होते. या काळात कांद्याचे नुकसान झाले, त्याची चर्चा झाली, पंचनाम्यांची मागणी झाली. अंगणातल्या वाळवणाची आणि बियांची चर्चा झाली नाही. त्यांचा पंचनामा करण्याची पद्धतच नाही. अर्धवट वाळलेले बी ओल्या हवेत डब्यात गेले की त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो दिसतो वेल उगवत नाही तेव्हा, आणि तोवर ‘यंदा बी वांझ निघाले’ एवढ्यावर विषय मिटतो. दरवर्षी असेच घडेल असे नव्हे. परंतु रोहिणी नक्षत्राचे ऊन हमखास मिळेल, या गृहीतावर घरातील बियाणे सोडून देणे आता शहाणपणाचे नाही.

परंपरेत यासाठी एक खूण आधीपासून आहे. अक्षय्य तृतीयेला परसात आळी घालून वेलींचे बी टोकण्याची रीत महाराष्ट्रात अनेक भागांत आहे. ओडिशात याच दिवशी ‘अखी मुठी अनुकूळ’ म्हणून भाताचे बी शेतात विधिपूर्वक टाकले जाते. केरळात मेडम महिन्याचा दहावा दिवस, म्हणजे एप्रिलचा चौथा आठवडा, लागवडीच्या आरंभासाठी शुभ मानतात. या दिवसांकडे केवळ श्रद्धा म्हणून पाहण्याऐवजी कामाचे वेळापत्रक म्हणून पाहिले, तर विस्तार कार्याला आयता मुहूर्त मिळतो. २०२५ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. त्या दिवशी बी बाहेर काढून तपासले आणि वाळवले असते, तर पावसाआधी ते डब्यात गेले असते. दिल्लीच्या परिसरात मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे २७ जूनला येतो, त्यामुळे तिकडे अवधी अधिक मिळतो. तारीख प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आपल्या जिल्ह्यापुरती ठरवावी; सबंध देशाला एकच जून महिना लावू नये.

आता पाकिटांविषयी. बियाणे संच वाटण्यात गैर काही नाही, आणि ज्या घरात बी उरलेलेच नाही तिथे तो आवश्यकही आहे. आक्षेप आहे तो संचातील वाणांच्या निवडीवर. संकरित वाणाचे बी राखले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणजे ज्या घरात संच जातो, त्या घराला पुढच्या जूनमध्ये पुन्हा संचाची वाट पाहावी लागते. बाजारासाठी एकरभर लावणाऱ्या शेतकऱ्याला संकरित वाण परवडतो, त्याचा हिशेब निराळा आहे. परसात चार आळी घालणाऱ्या घरासाठी सुधारित सरळ वाणच हवेत, आणि ते आपल्या संशोधन संस्थांनी फार पूर्वीच दिले आहेत. भेंडीतील ‘परभणी क्रांती’ आणि ‘अर्का अनामिका’, दुधीतील ‘पुसा नवीन’, कारल्यातील ‘कोकण तारा’ ही त्यांतली परिचित नावे. संचावर ‘या वाणाचे बी राखता येते’ अशी एक ओळ छापली, तरी त्याचा अर्थ बदलेल. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ यातील कलम ३९ शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क देते; बंदी आहे ती संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेखाली विकण्यास. गावात बी वाटून घेणाऱ्या बायकांना हा हक्क आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री सन्मान जाहीर झाला, तेव्हा घरगुती बियाण्याचे कौतुक सर्वदूर झाले. कौतुकाने बी वाढत नाही. त्यांच्या कामातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, बी टिकते ते देण्याघेण्यामुळे. एका घरात गेलेले बी शेजारच्या घरातून परत मिळते, आणि हीच गावाची खरी बीजपेढी ठरते.

मात्र घरचे म्हणून सारेच बी चांगले, हा भाबडेपणाही टाळला पाहिजे. वाल, चवळी, गवार यांचे परागीभवन त्याच फुलात होते, म्हणून त्यांचे बी सहसा शुद्ध राहते. नवशिक्याने यांपासून आरंभ करावा. वेलवर्गाचे तसे नाही. एकाच वाडीत लांब आणि आखूड अशा दोन जातींचा दुधी असेल तर कीटक त्यांची सरमिसळ करतात. त्यावर उपाय अवघड नाही. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, दुधीचे आणि दोडक्याचे संध्याकाळी. उमलण्याआधी नर व मादी कळी दोऱ्याने बांधून ठेवावी, उमलायच्या वेळी हाताने पराग लावून मादी फूल पुन्हा बांधावे आणि त्या फळाला चिंधीची खूण करावी. बियासाठी राखलेल्या वेलावरचे एक कोवळे फळ आधी कापून त्याची चकती जिभेला लावून पाहावी. दुधी कडू लागला तर लगेच थुंकून टाकावा, तो खाऊ नये, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये, आणि त्या वेलाचे बीही ठेवू नये; कडू दुधीने गंभीर विषबाधा होते.

पाण्याचा हिशेब थोडक्यात मांडता येतो. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घरात ते पूर्ण मिळाले तर २७५ लिटर, आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश सांडपाणी धरले तर १८० लिटर. उन्हाळ्याच्या शेवटी परसातील झाडांना दिवसाला ७ मिलिमीटर पाणी लागते असे मानले, तर एक चौरस मीटरला ७ लिटर. म्हणजे घरच्या सांडपाण्यावर सुमारे २५ चौरस मीटर जागा जगते. केळ, अळू, पपई, शेवगा, कढीपत्ता एवढ्या जागेत बसतात. साबणाचे पाणी एकाच जागी सतत सोडल्यास जमीन चोपण होते, म्हणून मोरीचा पाट दर आठवड्याला वळवावा. कच्च्या खायच्या पालेभाजीला हे पाणी देऊ नये.

पण हा हिशेब जिथे ५५ लिटर खरोखर मिळतात तिथलाच. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहिली जाते, तिथे उन्हाळी परसबागेचे उद्दिष्ट देणे अन्यायाचे आहे, आणि हे विस्तार कार्यकर्त्याने वरिष्ठांना स्पष्टपणे कळवावे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रीचा दिवसाचा सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो, तर पुरुषाचा ८८ मिनिटे. परसबागेचा प्रत्येक नवा कार्यक्रम या २८९ मध्येच भर घालत असेल, तर तो पोषणाचा कार्यक्रम म्हणावा की कष्टाचा, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आळी खणणे, कुंपण घालणे, मांडव उभारणे ही कामे उन्हाळ्याच्या शेवटी, शिवारात पेरणीची घाई नसताना, घरातील पुरुषांनी करण्याजोगी आहेत. प्रशिक्षणाचे निमंत्रण केवळ बचत गटाच्या नावे निघते, तोवर ती त्यांना कोणी सांगणार नाही.

‘परसबागेने असा काय फरक पडणार?’ असेही काही अनुभवी कार्यकर्ते म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. चार आळ्यांनी रक्तक्षय बरा होत नाही, त्याची कारणे अनेक आहेत, आणि तसा दावा कोणत्याही प्रसिद्धिपत्रकात केला जाऊ नये. पण पावसाळ्यात, पेरणीला पैसा गेलेला असताना, भाजी विकत आणणे हा घरखर्चातला पहिला छाटला जाणारा भाग असतो. त्या आठवड्यांत मागच्या दारी शेवग्याचा पाला, अळू, तांदुळजा आणि वेलावर पहिला दोडका असणे आणि नसणे, यांतला फरक ताटात दिसतो.

सोयाबीनसाठी गोणपाट भिजवलाच आहे, तर त्याच्या एका कडेला घरातल्या बाईने राखलेल्या बियांतले वीस-वीस दाणे मांडायला वेगळा निधी लागत नाही. आठवड्याने मोजणी करताना दोन्हींची करावी. कोणाच्या घरी कोणते बी उगवले, याची नोंद गावच्या एका वहीत राहिली, तर ज्या घरात पडवळाचे बी नासले, तिथे ते शेजारच्या आळीतून मृगाआधी पोहोचते. पुढच्या मे महिन्यात आढावा घेताना किती संच वाटले हा आकडा लिहावाच. त्याच्या शेजारी, गेल्या वर्षीच्या संचातील बी किती घरांनी स्वतः राखले, हा दुसरा रकाना असावा.