शट डाउनचं बटण हवंच कशाला?

घरी आईचा एक नियम : खोलीतून बाहेर पडताना लाइट-पंखा बंद. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरही तेच सांगायच्या, फक्त इंग्रजीत! ही सवय अंगात इतकी भिनली की गेल्या सेमिस्टरला तिनेच माझा घात केला.

शनिवारी रात्री हॉस्टेलच्या रूमवरून मी माझ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहीत होते. झोप यायला लागली. फाइल सेव्ह केली आणि शहाण्या मुलीसारखं शट डाउन केलं. रविवारी सकाळी कनेक्ट करायला जाते तर मशीन बंद! चालू करावं, तर बटणच नाही. कारण ते मशीन म्हणजे टेबलावरचा डबा नव्हे; सर्व्हर रूममधल्या मोठ्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर. ते चालू करण्याचा अधिकार लॅबच्या सरांना, आणि सर रविवारी गावी. सोमवारी नऊला सबमिशन. अख्खा रिपोर्ट आठवून आठवून पुन्हा लिहिला.

नंतर ऐकायला मिळालं, "भिंतीवर नोटीस लावलीय ना, शट डाउन करू नये म्हणून?" लावलीय, मान्य. पण ती लॅबच्या भिंतीवर. हॉस्टेलच्या रूममध्ये ती कोण वाचणार?

मित्रांनो, फरक साधाच आहे. डिस्कनेक्ट केलं तर फक्त आपली खिडकी मिटते, आतले प्रोग्राम चालूच राहतात. साइन आउट केलं तर प्रोग्राम बंद होतात, पण मशीन जागं राहतं. शट डाउन केलं तर मशीनच झोपतं, आणि त्याला उठवायला दुसरं कुणीतरी लागतं.

माझं म्हणणं असं की, जे बटण दाबायचंच नाही ते समोर ठेवायचंच कशाला? विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत शट डाउन आणि रिस्टार्ट मेनूतून काढून टाकायची सोय आहे. होरायझनसारख्या व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मशीन कायम चालू ठेवा' अशी सेटिंग असते. कुणी बंद केलं तरी ते लगेच पुन्हा सुरू होतं. मशीन हँग झालं तर ते रिसेट करण्याची परवानगीही युजरला देता येते. सरांना रविवारी फोन करायची गरजच नाही!

कुणी म्हणेल, मग विजेचं काय? मुद्दा रास्त आहे. चालू मशीन सर्व्हरची मेमरी अडवून बसतं. पण एक मशीन बंद केल्याने सर्व्हर बंद होत नाही. तो बाकीच्यांसाठी चालूच असतो. क्लाउडवर तर आणखी गंमत. अझ्यूरमध्ये विंडोजच्या आतून शट डाउन केलं तरी मशीनचं भाडं चालूच राहतं. ते 'डीअलोकेट' केल्यावरच मीटर थांबतं. म्हणजे बटण दाबून आपण वाचवल्याचं समाधान मिळवतो, प्रत्यक्षात वाचत काहीच नाही. खरी बचत करायची असेल तर रिकामी मशीन्स रात्री सिस्टिमने स्वतः बंद करावीत आणि कुणी कनेक्ट केलं की आपोआप सुरू करावीत. अझ्यूरच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये ही सोयही आहे.

आपल्याकडूनही एक पथ्य हवं. मशीन आपोआप उठलं तरी सेव्ह न केलेली फाइल परत येत नाही. तेव्हा आधी सेव्ह, मग साइन आउट.

इंजिनिअर म्हणून आपण शिकतो की माणूस चुकणार हे गृहीत धरून यंत्र बनवावं. मग आपल्याच लॅबमध्ये यंत्र आहे तसं ठेवून माणसाला नोटीस का? ती नोटीस काढा सर, आणि सेटिंग बदला. आई-सिस्टरनी लावलेली सवय काही एका नोटिशीने जायची नाही!