मुलाचा आघात शिकवाल, जात कोण शिकवणार?

पॉक्सो कायद्याचे (2012) कलम 33 वाचा. वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही. तो न्यायाधीशांकडे द्यायचा आणि त्यांनी मुलाला विचारायचा. आक्रमक प्रश्न नकोत, चारित्र्यहनन नको. कलम 36 म्हणते, साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येता कामा नये. कागदावर आणखी काय हवे?

पण हे पाळणार कोण? विशेष सरकारी वकिलासाठी कलम 32 सात वर्षांची वकिली मागते. घाबरलेल्या मुलाशी बोलायला शिकल्याची अट त्या कलमात नाही. प्रशिक्षणाची गोष्ट येते थेट कलम 43 मध्ये.

आघात झालेले मूल सरळ क्रमाने सांगत नाही. तारखा चुकतात, आधीचे नंतर येते, मूल भलत्याच वेळी हसते किंवा गप्पच बसते. अडाणी वकिलाला (डिग्री असली तरी अडाणीच!) त्यात 'विसंगती' दिसते, आणि आरोपीच्या वकिलाला तेच हवे असते. म्हणून वकिलांना आघाताची जाण देणारे प्रशिक्षण सक्तीचे व्हायलाच हवे. माझे भांडण त्याच्या पुढचे आहे.

वस्तीतल्या मुलीचा आघात त्या एका घटनेपुरता असतो का? आई ज्याच्या शेतात मजुरीला जाते, आरोपी त्याच घरातला. तक्रार केली की काम बंद, दुकानात उधारी बंद. तारखेला कोर्टाच्या आवारात आरोपीचे निम्मे गाव उभे. ती गप्प बसली तर 'मूल घाबरले' अशी नोंद होईल. कोणाला घाबरले, हे विचारायला वकिलाला कोण शिकवणार?

बाबासाहेब लहानपणी मसूर स्टेशनवर उतरून कोरेगावला निघाले. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही, म्हणून रात्री उपाशी झोपावे लागले. तीसेक वर्षांनंतर त्यांनी ते बारकाव्यांसकट लिहून ठेवले. जातीचा घाव मुलाच्या मनात किती टिकतो, याला आणखी कोणता पुरावा हवा?

'जात मध्ये आणू नका, केस कमकुवत होईल' असे सांगणारे वकील आपल्याला भेटतातच. अहो, ती एफआयआरच्या आधीच तिथे असते! ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने आलेले कलम 15अ पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क देते, जामिनाच्या सुनावणीत पीडितांचे म्हणणे ऐकायला लावते. पॉक्सोचे प्रशिक्षण घेणाऱ्या वकिलाला हे कलम शिकवलेच पाहिजे.

कार्यकर्त्यांनो, आपल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लेखी विचारा: पॅनेलवरच्या किती वकिलांना मुलांच्या साक्षीचे प्रशिक्षण दिले, त्यात जातीय बहिष्कारावर किती तास होते, आणि शिकवणाऱ्यांत वस्तीतून आलेले किती? उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका.