आयव्हीएफमध्ये एक भ्रूण की दोन? ‘होऊ दे जुळं’ म्हणण्याआधी हे वाचा

नागपुरात आयव्हीएफसाठी शहराबाहेरूनही जोडपी येतात: चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, अगदी छिंदवाडा-बालाघाटहून. खर्च बहुतेकदा स्वतःच्या खिशातून होतो. त्यामुळे ‘दोन भ्रूण सोडा डॉक्टर, जुळं झालं तर एकाच खर्चात कुटुंब पूर्ण’ असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब इतका सरळ आहे का?

दोन भ्रूण म्हणजे दुप्पट शक्यता?

नाही. स्कँडिनेव्हियात ३६ वर्षांखालच्या ६६१ महिलांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात एकदम दोन भ्रूण सोडले. दुसऱ्या गटात आधी एक आणि मूल झालं नाही, तर गोठवून ठेवलेलं दुसरं नंतर. पहिल्या गटात सुमारे ४३ टक्के महिलांना मूल झालं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. म्हणजे फरक थोडाच. पण जुळ्यांचं प्रमाण? पहिल्या गटातल्या बाळंतपणांत ३३ टक्के, दुसऱ्यात १ टक्क्याहूनही कमी.

जुळ्यांत अडचण काय?

निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांआधीच जन्मतात. वजन कमी भरतं, अनेकांना एनआयसीयूत ठेवावं लागतं. आईलाही रक्तदाब, मधुमेह आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. वाचवलेले पैसे एनआयसीयूच्या बिलात जाऊ शकतात. आणि गावी परतल्यावर अवेळी कळा सुरू झाल्या, तर मोठं रुग्णालय किती लांब आहे?

कायदा काय सांगतो?

२०२१ च्या एआरटी कायद्यानुसार उपचाराआधी समुपदेशन करणं आणि एकाहून अधिक गर्भ राहण्याचा धोका सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. सरोगसीसाठीच्या २०२२ च्या नियमांत एकच भ्रूण सोडायचं, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत, असं म्हटलं आहे.

मग दोन कधीच नकोत?

तसं नाही. वय जास्त असेल, भ्रूणांची प्रत कमी असेल किंवा आधीचे प्रयत्न फसले असतील, तर डॉक्टर दोन सुचवू शकतात. एक-एक करण्यातही पुन्हा खर्च, पुन्हा प्रवास आणि पुन्हा वाट पाहणं आहेच.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्या वयात एका भ्रूणाने किती शक्यता आहे? उरलेली भ्रूणं गोठवून पुढच्या वेळी वापरायला किती खर्च येईल? आणि जुळं राहिलंच, तर बाळंतपण कुठे करायचं?

उत्तरं मिळाल्यावरच संमतीपत्रावर सही करा.