फी भरण्याआधी बोर्डाला विचारा

मुलं शाळेत रुळली, घर लागलं, आता स्वतःसाठी काही शिकावं, असं म्हणत अमेरिकेतल्या कितीतरी मराठी मैत्रिणी समुपदेशनाच्या ऑनलाइन मास्टर्सकडे वळताहेत. काही पुरुषही. त्यांनी ते जरूर करावं. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी दिवसभर खिडकीशी बसून राहते, दोन घास खाऊन ताट सरकवते. तिला समुपदेशकाकडे नेलं तर दुभाषी म्हणून शेजारी नातू बसतो. नातवासमोर ती सुनेबद्दल किंवा गेलेल्या नवऱ्याबद्दल काय बोलणार? आपल्या भाषेत ऐकून घेणारी, रीतसर शिकलेली माणसं इथे हवी आहेत.

म्हणूनच कळकळीने सांगते, फीचा पहिला हप्ता भरण्याआधी एक काम करा. इथे समुपदेशकाचं लायसन्स देश देत नाही, राज्य देतं. टेक्सासमध्ये ते एलपीसी, न्यूयॉर्कमध्ये एलएमएचसी, कॅलिफोर्नियात एलपीसीसी, आणि नावाबरोबर अटीही बदलतात. ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं तर बहुतेक राज्यांत डॉक्टरेटच लागते. तेव्हा सुरुवात विद्यापीठापासून नको, आपल्या राज्याच्या लायसन्सिंग बोर्डापासून करा. अटी वाचा, कागदावर उतरवा आणि मग विद्यापीठाला ईमेल करा: तुमची पदवी माझ्या राज्यात चालते का? लायसन्सकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमांबाबत हे जाहीर करणं केंद्रीय नियमाने त्यांना बंधनकारक आहे. उत्तर लेखीच घ्या. फोनवर गोड बोलणारा प्रवेश सल्लागार शेवटी विद्यापीठाचा पगारी माणूस असतो.

नवऱ्याची नोकरी उद्या न्यू जर्सीहून टेक्सासला गेली तर काय, हाही प्रश्न आजच विचारायचा. अशा घरांसाठी सीएसीआरईपी (बोलताना सगळे ‘केक्रेप’ म्हणतात) या समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम त्यातल्या त्यात सुरक्षित. वॉल्डन, कॅपेला अशा ऑनलाइन शिकवणाऱ्या विद्यापीठांकडे ती आहे. फीचा हिशेब एका क्रेडिटच्या भावावरून करू नका. हा अभ्यासक्रम किमान ६० सेमिस्टर-क्रेडिटचा असतो, आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष हजेरीच्या रेसिडेन्सीसाठी विमान-हॉटेलचा खर्च वेगळा.

‘घरबसल्या पदवी’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे. थिअरी घरबसल्या होते. पण केक्रेपच्या अटींप्रमाणे १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप करावीच लागते. त्या ६०० पैकी किमान २४० तास खऱ्या माणसांशी, समुपदेशक म्हणून. या तासांसाठीची जागा तुमच्याच गावात मिळवायची, आणि पुष्कळदा शोधायचीही तुम्हीच. लहान गावात राहत असाल तर प्रवेशाआधीच आसपासच्या क्लिनिकना फोन करा: विद्यार्थी घेता का, सुपरवायझर आहे का? विद्यापीठालाही विचारा की जागा मिळाली नाही तर शोधून देता का. पदवीनंतर पुन्हा देखरेखीखाली काम आलंच. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क या तिन्ही राज्यांत ते ३,००० तासांचं आहे.

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवाल्या जोडीदारासोबत आलेल्या, असाल तर इथे खरी गाठ आहे. एच-४ वर शिकता येतं, ऑनलाइनही. पण फेडरल शिष्यवृत्ती-कर्ज मिळत नाही, आणि कामाची परवानगी नसेल तर त्या ३,००० तासांपाशी गाडी अडते, कारण ते बहुधा पगारी नोकरीत पुरे होतात. मे २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना ईएडी, म्हणजे कामाचं परवानापत्र, मिळू लागलं, पण त्यासाठी साधारणपणे नवरा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालेला लागतो. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला तर पदवीनंतर ओपीटी, म्हणजे काही काळ कामाची परवानगी, मिळतं, मात्र एफ-१ वर पूर्ण ऑनलाइन शिकता येत नाही. तुमच्या व्हिसाची आणि अभ्यासाची वेळापत्रकं जुळतात का हे इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी देऊन विचारा. ती फी वाया जाणार नाही.

भारतातली स्वस्त दूरशिक्षण पदवी घेऊन इथे चालवू, हा बेत सोडा. तिच्यावर इथलं लायसन्स थेट मिळत नाही, आणि २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशच थांबवले.

अभ्यासाचं म्हणाल तर अवघड भाग पुस्तकात नसतो. रात्री मुलं झोपल्यावर झूमवर तिघांचा गट पाडतात: एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं आणि मग आपलं एकेक वाक्य उतरवून काढायचं. आपल्याकडच्या बहुतेकांना तेव्हा दिसतं की समोरची बोलायला लागली नाही तोच आपण ‘अगं, तू असं कर ना’ म्हणून मोकळे झालो. ही सवय सुटायला वर्ष जातं. ते वर्ष स्वतःला द्या. आपला पिंड आहे का हे आधी पाहायचं असेल तर ९८८ या संकटकालीन फोनसेवेशी जोडलेली काही केंद्रं प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक घेतात. त्याला पदवी लागत नाही.

आणि ज्या मराठी समुपदेशकांना लायसन्स मिळालेलं आहे, त्यांना विनंती: वर्षाला एक तरी मराठी विद्यार्थी आपल्या देखरेखीखाली घ्या. इथल्या मराठी मंडळांची संघटना असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी हजारो लोकांना एकत्र आणतं, गावोगावची मंडळं गणपती-दिवाळी करतातच. कोणत्या राज्यात कोण सुपरवायझर आहे याची एक यादी या मंडळांनी ठेवली, तर जागेसाठी फोन फिरवत बसलेल्या विद्यार्थिनीचे कित्येक महिने वाचतील.