शबे मेराजला पेरा, इफ्तारला खुडा

2018 सालचा रमजान मे-जूनात आला होता. त्या महिन्यात आम्ही खिडकीच्या ग्रिलमध्ये तीन वेळा कोथिंबीर पेरली आणि तिन्ही वेळा ती वीतभर होण्याआधीच तुऱ्यावर आली. कोथिंबिरीला ऊन सोसत नाही, हे तेव्हा अंगवळणी पडलं. आता मात्र दिवस आपल्या बाजूचे आहेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो थंडीच्या शेवटाकडे येतो आहे. 2030 मध्ये तर एकाच वर्षात दोनदा, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, रमजानचा चाँद दिसेल. म्हणजे पुढची काही वर्षं कोथिंबिरीचा हंगाम आणि आपला इफ्तार सोबत चालणार.

म्हणून आम्ही पेरणी आता आपल्याच कॅलेंडरवर बांधली आहे. पहिला डबा शबे मेराजच्या सुमारास. तिथून रमजानला साधारण बत्तीस-तेहतीस दिवस राहतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच बाहेरची पानं खुडता येतात. दुसरा डबा शबे बरातला. तो पंचेचाळीस दिवसांनी ईदच्या बिर्याणीवर येतो.

बी विकत आणायची गरज नाही. मसाल्याच्या डब्यातले धणे चालतात, फक्त ते भाजलेले किंवा फार जुने नसावेत. लाटण्याने हलके दाबून प्रत्येक धण्याचे दोन भाग करायचे. पीठ नाही करायचं! मग रात्रभर भिजत ठेवून सकाळी पेरायचे. अर्धा इंच माती वर, त्यावर ओलं गोणपाट. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले की गोणपाट काढून टाका. एरवी बहुतेकांचे धणे उगवत नाहीत ते अख्खे आणि कोरडे टाकल्यामुळे.

भांडं पसरट हवं, सहा-आठ इंच खोल पुरे. मासळीबाजारातले थर्माकोलचे खोके यासाठी उत्तम, पण त्यात खाऱ्या पाण्याचा अंश राहतो. चार-पाच वेळा धुवून, तळाला भोकं पाडून मगच माती भरा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर वाळू.

आता खरी अडचण, पाणी. वसईच्या वाड्या केळी, फुलं आणि भाजीपाल्यासाठी नावाजलेल्या, पण त्या विहिरींच्या गोड्या पाण्यावर उभ्या राहिल्या. आम्ही नालासोपारा पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो. नळाला दिवसाआड पाणी, बाकी बोअर नाहीतर टँकर. एका उन्हाळ्यात गोडं पाणी पिण्याला राखून कुंड्यांना बोअरचं घातलं. पंधरा दिवसांत पुदिन्याच्या पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरी पापडी धरली. आम्हाला आधी वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी बोअरचं ओतलं. त्याने तो पुरता गेला. खारं पाणी मातीत मीठ सोडत जातं आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. पापडी दिसली तर वरचा थर खरवडून काढा आणि एकदाच भरपूर गोडं पाणी ओता, तळातून वाहून जाईपर्यंत. पावसाळ्यात कुंड्या दोन दिवस उघड्यावर ठेवल्या तरी हेच काम फुकटात होतं.

तेव्हापासून घरात वुजूसाठी एक टब आहे. पाच वेळच्या वुजूचं पाणी त्यात जमतं आणि संध्याकाळी कुंड्यांना जातं. आमच्या सासूबाईंना सुरुवातीला ते बरं वाटलं नाही. पण ते पाणी पाकच असतं, त्याने पुन्हा वुजू होत नाही एवढंच. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, ही शिकवण त्यांनीच मुलांना दिलेली. मग त्यांनीच टब उचलायला सुरुवात केली. मात्र नळाचं गोडं पाणी असेल त्याच दिवशी हे करा, आणि साबणाचं पाणी त्यात नको. तांदूळ-डाळ धुतलेलंही चालतं, फक्त मीठ घातलेलं नको.

पुदिना बियांपासून लावायच्या भानगडीत पडू नका. जुडीतल्या जाड काड्यांची खालची पानं काढून त्या पेल्यात पाण्यात ठेवा. रोज पाणी बदललं की आठवड्याभरात पांढरी मुळं फुटतात. त्याला कुंडी वेगळी द्या, शेजारच्या झाडावर तो आक्रमण करतो. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली त्याला मानवते. मावा पडला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून फवारा, आणि पानं धुतल्याशिवाय चटणीला घेऊ नका.

ओव्याच्या पानाची फांदी कुठेही खोचा, जगते. इफ्तारला त्या जाड पानांची भजी आमच्याकडे कांदाभजीच्या आधी संपतात.

आणि एक कुंडी सब्जाची. शबे बरातला कब्रस्तानाबाहेर फुलांसोबत त्याच्या जुड्या विकायला असतात. आम्ही सासऱ्यांच्या कबरीसाठी घरचाच तोडून नेतो. उरलेल्या तुऱ्यांचं बी वाळवून बाटलीत भरतो, ते रमजानभर सरबतात पुरतं.