इशाऱ्याची घंटा कोणासाठी?

पेढी एका दिवसात बुडत नाही; ती बुडाल्याचे ठेवीदाराला मात्र एका दिवसात कळते. मधल्या काळात कोणाला काय ठाऊक होते आणि कोण गप्प बसले, हाच खरा प्रश्न होय.

१९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली आणि १ जानेवारी १९६२ पासून आपल्याकडे ठेवविमा सुरू झाला. त्या वेळी १५०० रुपये असलेली ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाखांवर गेली. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु विमा म्हणजे घर जळाल्यानंतरची मदत. आगीपूर्वीचा धूर कोणी पाहावा, हा प्रश्न निराळा.

युरोपने या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच घातले. २०१४ च्या निर्देशानुसार तेथील प्रत्येक बँकेने संकटातून सावरण्याचा आराखडा सुस्थितीत असतानाच तयार ठेवावयाचा असतो. त्यात भांडवल, रोखता, नफा आणि कर्जांची प्रत यांचे इशारेदर्शक निकष नेमावे लागतात. बाजारातील हालचाल आणि देशाची आर्थिक स्थिती हेही निकष त्यांच्या जोडीला असतात. निकषाची मर्यादा ओलांडली गेली की बाब संचालक मंडळापुढे गेलीच पाहिजे. मंडळाने उपाय योजावा, अथवा का योजला नाही ते नियामकाला कळवावे. काणाडोळा करण्याची मुभा मात्र नाही. या व्यवस्थेचे मर्म यातच आहे.

आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सत्वर सुधारणेची चौकट आखली असून ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. भांडवल घटले, निव्वळ अनुत्पादित कर्जे ६ टक्क्यांवर पोहोचली किंवा लागोपाठ दोन वर्षे तोटा झाला, की निर्बंध सुरू होतात आणि स्थिती बिघडेल तसे ते कडक होतात. सर्वांत लहान श्रेणीतील बँका मात्र या चौकटीबाहेर आहेत.

पण निकष कितीही नेमका असला तरी त्यावर नजर ठेवणारा प्रामाणिक हवा. अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण बोलके आहे. व्याजदर वाढल्यास बसणाऱ्या फटक्याची मर्यादा ओलांडली गेल्याचे तिच्या स्वतःच्या मोजमापातच दिसले होते. व्यवस्थापनाने धोका कमी करण्याऐवजी मोजमापाची गृहीतके बदलली, असे तेथील मध्यवर्ती बँकेच्या एप्रिल २०२३ च्या अहवालात नमूद आहे. ताप उतरविण्याऐवजी तापमापकच बदलण्याचा हा प्रकार! ९ मार्च २०२३ रोजी एका दिवसात ४२ अब्ज डॉलरच्या ठेवी निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बँकेला टाळे लागले.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची कथा याहून लाजिरवाणी. तिच्या शाखा महाराष्ट्रात होत्या, तशाच कर्नाटकात आणि गोव्यातही होत्या. कागदोपत्री तिची थकीत कर्जे ४ टक्क्यांच्या आत होती. प्रत्यक्षात बहुतांश कर्ज एकाच उद्योगसमूहाला देऊन ते बनावट खात्यांआड दडविल्याचे उघड झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला आरंभी सहा महिन्यांत केवळ हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. आकडाच खोटा असेल, तर घंटा वाजणार कशी?

सीमाभागातील मराठी माणसाने याचा विचार निकडीने करावयास हवा. दुकानदार, शेतकरी आणि निवृत्त शिक्षक यांच्या आयुष्याची पुंजी आपल्या गावांत केवळ बँकांत नाही. ती पतसंस्थांत आणि सौहार्द सहकारी संस्थांतही आहे. त्यांना रिझर्व्ह बँकेची ही चौकट लागू नाही आणि त्यांच्या ठेवींना वरील विम्याचे कवचही नाही. अध्यक्ष ओळखीचे, संचालक नात्यातले, म्हणून ठेव सुरक्षित, असे मानणे हा भाबडेपणा आहे. आपली माणसे आहेत म्हणून विश्वास ठेवावा हे खरे. पण आपली माणसे आहेत म्हणूनच हिशेब मागण्यात संकोच नसावा.

तेव्हा प्रत्येक संस्थेच्या वार्षिक सभेत सभासदांनी चार आकडे विचारावेत: स्वनिधी किती, थकबाकी किती, मागणी येताच देता येईल अशी रोकड किती, आणि सर्वांत मोठ्या कर्जदाराकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे. यांच्या मर्यादा आधीच ठरवून इतिवृत्तात नोंदवाव्यात. घंटा वाजू लागल्यावर त्या बदलता येऊ नयेत. हे आकडे मराठी सभासदाला मराठीतूनच मिळाले पाहिजेत. आपल्या भाषेचा आग्रह आपण शाळेत, कचेरीत आणि रस्त्यावरील पाटीवर धरतो. तो ताळेबंदातही धरला पाहिजे. जो इशारा ठेवीदाराला वाचताच येत नाही, तो त्याच्यासाठी दिलेलाच नसतो.